क्रेडिट म्हणजे जमा की उधार?

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचला आहे. तो शब्द आहे क्रेडिट.

महिन्यातून एकदा तरी हा शब्द तुमच्यापुढे येतोच. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आले की मोबाईलवर मेसेज येतो, त्यात क्रेडिट. गटाच्या बैठकीला बँकेचे साहेब आले की म्हणतात, तुमच्या गटाचं क्रेडिट लिंकेज करून टाकू. फोनवर कुणी अनोळखी मुलगी गोड आवाजात क्रेडिट कार्ड देऊ करते. कॉलेजात जाणारी लेक सांगते, आई, या सहामाहीत माझे सगळे क्रेडिट मिळाले. आणि हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला की कुणीतरी फणकाऱ्याने म्हणतं, राबलो आम्ही आणि क्रेडिट घेतलं तिने.

आता बघा. मेसेजमधलं क्रेडिट म्हणजे पैसे आले. कार्डावरचं क्रेडिट म्हणजे पैसे द्यायचे आहेत. लेकीच्या क्रेडिटला पैशाचा संबंधच नाही. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता, जमा की उधार? दोन्ही. आणि दोन्ही कसे, हे कळलं नाही तर त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते. कर्जाला कुणी बक्षीस समजते, कुणी खात्यातून गेलेल्या पैशाला आलेले समजते, कुणाचं नाव न कळत थकबाकीदारांत जातं. म्हणून आज हा एकच शब्द नीट सोडवून घेऊ.

मूळ अर्थ विश्वास

इंग्रजीत हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तिथे 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणं, आणि 'क्रेदितुम' म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू किंवा रक्कम. म्हणजे क्रेडिटच्या मुळाशी पैसा नाही, विश्वास आहे.

आपल्या मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, पत. 'त्याची बाजारात पत आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या खिशात किती पैसे आहेत हे सांगत नसतो. त्याच्या शब्दावर लोक माल सोडतात, असं सांगत असतो. 'पत गेली' म्हणजे विश्वास गेला. १९०४ साली इंग्रज सरकारने सहकारी संस्थांचा पहिला कायदा केला, त्याच्या नावातच क्रेडिट हा शब्द होता. मराठीत अशा संस्थांना आपण पतपेढी किंवा पतसंस्था म्हणतो. क्रेडिटला तिथे 'पत' हाच शब्द बसला.

तेव्हा क्रेडिट हा शब्द कुठेही दिसला की आधी एकच प्रश्न विचारायचा. इथे विश्वास कोणी ठेवला आणि कोणावर ठेवला? उत्तर मिळालं की पैसे येणार की जाणार हे आपोआप कळतं. आता हाच प्रश्न एकेका जागी लावून पाहू.

पासबुकातलं क्रेडिट

समजा तुम्ही नेरळच्या बाजारात भाजी विकून आलात आणि खात्यात ५०० रुपये भरलेत. पासबुकात ते क्रेडिट म्हणून पडले. विश्वास कोणी ठेवला? तुम्ही. कोणावर? बँकेवर. म्हणजे आता बँक तुमचं ५०० रुपये देणं लागते. पासबुक तुमच्या पिशवीत असलं तरी त्यातली नोंद बँकेच्या बाजूने केलेली असते. बँक तिच्या वहीत लिहिते, 'या बाईंनी विश्वासाने आपल्याकडे ५०० ठेवले आहेत.' म्हणून ते क्रेडिट, म्हणजे आपल्या भाषेत जमा.

याच्या उलट शब्द डेबिट. तोही लॅटिनच, 'देबेरे' म्हणजे देणं लागणं. तुम्ही ५०० मधले २०० काढलेत, तर बँकेचं तुम्हाला द्यायचं तेवढं कमी झालं. बँकेने ते २०० तुमच्या नावे टाकले. आपल्या जुन्या वह्यांमध्ये जमा आणि नावे हीच जोडी असायची. जमा म्हणजे क्रेडिट, नावे म्हणजे डेबिट, हे बँकेच्या खात्यापुरतं पक्कं लक्षात ठेवा.

गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंसाठी इथे एक गोष्ट सांगते. प्रशिक्षणाला गेल्यावर त्यांना हटकून अडचण येते. गटाच्या रोकड वहीत आलेले पैसे डावीकडे लिहितात, त्याला आपण जमा बाजू म्हणतो. पण इंग्रजी पद्धतीच्या रोकड वहीत त्याच बाजूला डेबिट लिहिलेलं असतं. मग जमा म्हणजे क्रेडिट की डेबिट? इथेही वही कोणाची ते पाहायचं. रोकड वही आपली आहे, त्यामुळे ती आपल्या पेटीच्या बाजूने लिहिलेली असते. पासबुक बँकेच्या बाजूने असतं. तुमची पेटी भरली तर तुमच्या वहीत डेबिट, आणि तेच पैसे बँकेत भरले तर बँकेच्या वहीत क्रेडिट. यात चूक काहीच नाही. एकाच व्यवहाराकडे समोरासमोर बसलेल्या दोघांनी पाहिलं, एवढंच.

सीआर आणि डीआर ही दोन अक्षरं

पासबुकात शेवटी शिल्लक लिहिलेली असते. पुष्कळ बँकांच्या पासबुकात आकड्यापुढे सीआर किंवा डीआर असं छापतात. सीआर म्हणजे क्रेडिट, डीआर म्हणजे डेबिट. बचत खात्यात १,२०० सीआर असेल तर बँक तुमचे १,२०० रुपये देणं लागते. पण आकड्यापुढे डीआर असेल तर तुम्ही बँकेचं देणं लागता. आकडा तोच, अक्षर बदललं की मालक बदलला. म्हणून पासबुक भरून आणलं की नुसता आकडा पाहून बंद करू नका. त्याच्या पुढची दोन अक्षरं वाचा.

याची सर्वांत जास्त गरज गटाच्या कॅश क्रेडिट खात्याला लागते. कॅश क्रेडिट म्हणजे बँकेने गटासाठी ठरवून दिलेली कर्जाची मर्यादा. समजा मर्यादा ३ लाखांची आहे. गटाने त्यातले ८० हजार काढून चार जणींना वाटले. पासबुकात दिसेल ८०,००० डीआर, आणि बँकेत विचारलं तर सांगतील की अजून २ लाख २० हजार काढता येतील. हे ऐकून एखादी सभासद घरी जाऊन सांगते, 'आमच्या गटाच्या खात्यात सव्वादोन लाख आहेत.' खात्यात गटाचा एक रुपयाही नाही. बँकेने विश्वासाने जेवढी वाट मोकळी ठेवली आहे, तो तो आकडा आहे.

या खात्याची चांगली बाजूही आहे. व्याज फक्त काढलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. हिशेबाला सोपं म्हणून वर्षाला १२ टक्के धरले, तर ८० हजारांवर महिन्याला ८०० रुपये. पण 'मर्यादा आहेच तर काढून ठेवू' म्हणून तीनही लाख काढले, तर महिन्याला ३,००० रुपये. पैसे तसेच पडून राहिले तरी व्याज चालूच. म्हणून गरज असेल तेवढंच काढायचं आणि हातात आले की लगेच भरायचे.

मोबाईलवरचा मेसेज

आता मेसेजकडे येऊ. इंग्रजीची पद्धत अशी आहे की क्रेडिटनंतर 'टू' येतं आणि डेबिटनंतर 'फ्रॉम'. 'क्रेडिटेड टू युवर अकाउंट' म्हणजे तुमच्या खात्यात जमा झाले. 'डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट' म्हणजे तुमच्या खात्यातून गेले. टू म्हणजे कडे, फ्रॉम म्हणजे कडून. एवढे दोन छोटे शब्द ओळखता आले तरी पुष्कळ काम होतं.

पण काही मेसेजमध्ये दोन्ही शब्द एकत्र येतात. तुम्ही कर्जतच्या दुकानात फोनवरून २४० रुपये दिलेत, तर मेसेज येतो की तुमच्या खात्यातून २४० डेबिट आणि अमुक दुकानाला क्रेडिट. घाईत फक्त शेवटचा शब्द वाचला तर वाटतं पैसे आले. म्हणून मेसेजमध्ये तुमच्या खात्याचे शेवटचे आकडे कुठे आहेत ते शोधा आणि त्याला लागून कोणता शब्द आहे तो वाचा. तुमच्या खात्यापाशी डेबिट असेल तर पैसे गेलेत.

फसवणारे याच गोंधळाचा फायदा घेतात. एखादा फोन करतो, 'ताई, तुमच्या खात्यात चुकून माझे पाच हजार क्रेडिट झालेत, मेसेज बघा, परत पाठवा.' मेसेज खरोखर आलेला असतो, पण तो बँकेचा नसतो, त्यानेच लिहून पाठवलेला असतो. मेसेजवर भरवसा ठेवू नका, खात्याची शिल्लक तपासा. दुसरा म्हणतो, 'पैसे क्रेडिट करतो, फक्त पिन टाका.' मैत्रिणींनो, पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन पैसे जाताना लागतो. हे घरात सासूबाईंना, शेजारणीला, सगळ्यांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उधारीचं क्रेडिट

'ऑन क्रेडिट' म्हणजे उधारीवर. वाण्याने तुमच्या तोंडाकडे पाहून तांदूळ-तेल दिलं आणि वहीत लिहून ठेवलं, तर विश्वास त्याने तुमच्यावर ठेवला. देणं तुमच्याकडे आलं.

क्रेडिट कार्डही तसंच. डेबिट कार्डाने खर्च केला की पैसे तुमच्या खात्यातून तिथल्या तिथे जातात, म्हणजे तुम्ही तुमचेच पैसे वापरता. क्रेडिट कार्डाने खर्च केला की बँकेचे पैसे वापरता आणि ठरलेल्या तारखेला ते सगळे फेडायचे असतात. बिलावर एक छोटा आकडाही असतो, 'मिनिमम ड्यू'. तेवढाच भरला तर सुटलो असं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं. ते अनेक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांच्या वर असतं. आपल्या गटांत आपण महिन्याला १ ते २ टक्क्यांनी कर्ज देतो आणि तेही जास्त वाटलं तर बैठकीत भांडून कमी करून घेतो. कार्डाच्या बँकेशी असं भांडता येत नाही.

'अभिनंदन, तुम्हाला ५०,००० रुपयांचं क्रेडिट मंजूर' असा मेसेज आला तर तो कर्ज घ्या म्हणून केलेला आग्रह असतो. ते पैसे भेट म्हणून मिळालेले नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने वर्षाचं एकूण व्याज आणि सगळे खर्च दाखवणारं माहितीपत्रक कर्जदाराला, त्याला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती आणि छोट्या व्यवसायाच्या सगळ्या नव्या मुदत कर्जांना हे लागू झालं आहे. तेव्हा सही करण्याआधी म्हणा, 'मराठीतला कागद द्या.' मागणं हा तुमचा हक्क आहे.

पत मोजणारे

आता 'सिबिल'. 'तिचं सिबिल खराब आहे' असं आपण सहज बोलतो. वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे, तसंच हे झालं आहे. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली सुरू झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत आणि २००५ च्या कायद्याखाली त्या काम करतात. कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद त्या ठेवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढतात, त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात. पूर्वी गावात सावकार किंवा वाणी माणूस पाहून पत ठरवायचा. आता ती दूर कुठेतरी संगणकावर ठरते आणि त्या संगणकाला तुमचा चेहरा माहीत नसतो. त्याला फक्त नोंद माहीत असते.

म्हणून आपल्या नावावर काय चाललं आहे ते आपल्याला माहीत पाहिजे. समजा एका ताईच्या नावावर मायक्रोफायनान्सचं कर्ज निघालं, पैसे घेतले दिराने, गाडी आणली दिराने, आणि हप्ते थकले. नोंद ताईच्या नावावर. दोन वर्षांनी ती शिलाई मशीनसाठी बँकेत गेली तर बँक नाही म्हणणार. आपण घरच्यांसाठी सही करतो ती प्रेमाने. पण त्या सहीने आपण आपली पत दुसऱ्याला वापरायला देत असतो. जामीन राहिलात तरी तेच. कर्जदाराने फेडलं नाही तर देणं तुमच्याकडे येतं आणि डाग तुमच्या नावालाही लागतो.

गटाचं कर्जही यातून सुटलेलं नाही. बचत गटाच्या कर्जाची माहिती सभासदवार या कंपन्यांना दिली जावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना सांगितलं आहे. म्हणजे गटात कुणी किती घेतलं याची नोंद वहीत बरोबर असणं हे आता फक्त ऑडिटसाठी राहिलेलं नाही.

आपली नोंद आपल्याला पाहता येते. चारही कंपन्यांनी प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. गटातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सोबत घेतलं तर मोबाईलवरून तो काढता येतो. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर लेखी तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम आहे.

त्या रिपोर्टमध्ये दोन शब्द नीट पाहा. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड झाली, ठरल्यापेक्षा कमी घेऊन बँकेने विषय संपवला. 'सेटल्ड' ऐकायला छान वाटतं, पण पुढच्या बँकेला त्यातून कळतं की या बाईने पूर्ण फेडलं नव्हतं. वसुलीवाला म्हणाला की 'थोडे भरा, सेटल करून टाकतो', तर हे आठवा. जमत असेल तर पूर्ण भरून 'नो ड्यूज'चा दाखला घ्या.

हप्ते जड झाले तरी घाबरून जाऊ नका. २०२२ च्या नियमाप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरासाठी आहे, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे पाहणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. आणि या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, दारातही यायचं नाही.

उचल म्हणजे क्रेडिट नव्हे

आता आपल्या भागातली एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंबाने भट्टीवर जायचं आणि पाऊस येईपर्यंत अंगमेहनत करून ती फेडायची. कुणी म्हणेल, हेही क्रेडिटच की. पैसे आधी मिळाले, नंतर फेडायचे.

आपला प्रश्न इथे लावून पाहा. विश्वास कोणी कोणावर ठेवला? कोणीच ठेवला नाही. उचलीत माणूसच तारण असतो. खात्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही, मजुरीचा दर मालक सांगेल तो, आणि हंगाम संपला तरी अंगावर बाकी उरते. मग पुढच्या वर्षी परत त्याच भट्टीवर. खऱ्या क्रेडिटमध्ये रक्कम, व्याज आणि मुदत आधी ठरलेली असते, फेडलं की माणूस मोकळा होतो, आणि पैसे दुसरीकडे कमावून फेडता येतात. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. अशी बाकी कायद्याने वसूल करता येत नाही. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते.

बचत गटाचं मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तेव्हा विचार एवढाच होता की ज्या बाईकडे तारण ठेवायला जमीन नाही, दागिना नाही, तिची पत कशावरून ठरवायची? उत्तर निघालं, तिच्या सवयीवरून. आपण ज्याला पंचसूत्री म्हणतो, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट नोंदी, तीच गटाची पत. 'क्रेडिट लिंकेज' म्हणजे या पतीच्या आधारावर गट बँकेला जोडणं. वाडीवरच्या पाच-सहा घरांना भाद्रपदात गटातून दोन-तीन हजार मिळाले, तर मुकादमाच्या पैशाला हात लावायची वेळ टळू शकते. रक्कम छोटी दिसते, पण ती वेळेवर मिळणं मोठं असतं.

श्रेय आणि कॉलेजचं क्रेडिट

राहिलं लेकीचं क्रेडिट. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक विषयाला वजन ठरवून दिलं आहे, त्याला क्रेडिट म्हणतात. वर्गातल्या शिकवण्याचं १ क्रेडिट म्हणजे एका सहामाहीत साधारण १५ तास. लेक तो विषय पास झाली की क्रेडिट तिच्या नावावर जमा होतं. ते ठेवण्यासाठी २०२१ पासून ऑनलाईन बँकही आहे. शिक्षण मध्येच थांबलं तरी केलेला अभ्यास वाया न जाता पुढे धरला जावा, हा त्यामागचा हेतू. लग्न ठरलं म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून शिक्षण सुटलेल्या मुलींना हे माहीत असायला हवं. तिने कॉलेजात जाऊन आपली जमा क्रेडिट विचारावीत.

आणि हळदीकुंकवाचं क्रेडिट म्हणजे श्रेय. इथेही मूळ अर्थ तोच. हे काम अमकीने केलं यावर लोकांनी विश्वास ठेवला. इंग्रजीत 'गिव्ह क्रेडिट' म्हणजे श्रेय देणं, 'टेक क्रेडिट' म्हणजे श्रेय घेणं. मराठी बोलताना मात्र 'क्रेडिट घेतलं' म्हटलं की ऐकणारी विचारते, कुठल्या बँकेतून? तेव्हा 'श्रेय' म्हणावं, शब्द चांगला आहे.

कोणत्या जागी कोणता शब्द

बोलताना आणि इतिवृत्त लिहिताना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते. खात्यात पैसे आले असतील तर 'जमा झाले' लिहा. माल पैसे न देता आणला असेल तर 'उधारीवर' लिहा. बँकेकडून पैसे घेतले असतील तर सरळ 'कर्ज' लिहा. बँकेने आकडा ठरवून दिला पण पैसे उचलले नसतील तर 'कर्जमर्यादा' लिहा. माणसाचा किंवा गटाचा भरवसा सांगायचा असेल तर 'पत' लिहा. कामाचं कौतुक असेल तर 'श्रेय'. इतिवृत्तात 'बँकेकडून २ लाख क्रेडिट' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षांना कळणारच नाही की ते अनुदान होतं, कर्ज होतं की कुणाची ठेव. 'बँकेकडून २ लाख कर्ज जमा झाले' लिहिलं की कुणाला विचारायला नको.

इंग्रजी शब्द वापरू नये असं माझं म्हणणं नाही. बँकेत, मेसेजमध्ये, फॉर्मवर तो येणारच आणि तो वाचता आलाच पाहिजे. पण साहेबांनी क्रेडिट म्हटलं आणि अर्थ लागला नाही, तर मान डोलवू नका. विचारा, 'साहेब, हे पैसे आमचे की आम्हाला फेडायचे?' या प्रश्नाला लाजायचं काही कारण नाही. ज्याला हा प्रश्न आवडत नाही, त्याच्या कागदावर सही करायची घाई करू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक घेऊन या. दोघी-दोघींनी बसून शेवटचं पान वाचा, सीआर-डीआर शोधा, आणि मोबाईलमधला एक मेसेज मोठ्याने वाचून दाखवा. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचता येणारी बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुन्हा भेटू, अशाच एखाद्या शब्दाला घेऊन. नमस्कार.